वाच आणि पूस

मामा, त्या सकाळी दूध उतू गेलं नव्हतं, भाकरी करपली नव्हती, काहीच बिघडलं नव्हतं. पाणी भरून झालं होतं, अंगण झाडून झालं होतं, ज्वारीचं पीठ परातीत काढलेलं. ओट्याच्या कडेला, पूर्वी पाटा-वरवंटा असायचा तिथं माझा कॉम्प्युटर, आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली तुमचा. मध्ये भिंत, आणि भिंतीला भोक पाडून आरपार घातलेली निळी वायर. रोज सकाळी मी बटण दाबते, आतला पंखा घुरघुरायला लागतो आणि पुढून तुमची हाक येते, "दिसतोय का गं?" मी नेटवर्क उघडते. 'मागं' म्हणजे माझा, त्याच्या शेजारी 'पुढं' उमटलेलं असतं. "दिसतायसा, मामा," मी सांगते. शेजारच्या काकू एकदा कढीपत्ता न्यायला आल्या होत्या, त्या हसत सुटल्या. "एका घरात ऱ्हाताय न्हवं? सासरा सुनेला दिसतोय का म्हणून इचारतोय, व्हय!"

ती वायर तुमच्या मुलानं घातली होती, नावंही त्यांनीच दिली. घरात लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिका जुळवायचं काम. मी मागं टाइप करायची, तुम्ही पुढं प्रुफं तपासायचा. पेन ड्राइव्ह घेऊन दिवसभर उंबरा ओलांडायला नको म्हणून त्यांनी तुमच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर दोघांना उघडता येईल असा करून ठेवला. त्यात एक साधी फाईल होती, 'निरोप'. सुरुवातीला तिच्यात गिऱ्हाइकांचे निरोप असायचे. हे गेल्यावर त्यात आपलं घरच आलं. तुम्ही लिहायचा, 'चहा कमी गोड.' मी लिहायची, 'गोळी घेतली का.' तोंडानं बोलायला गेलं की दोघांच्याही मध्ये तेच येऊन बसायचं, म्हणून आपण लिहीत राहिलो.

मी दहावी नापास होऊन या घरात आले. छापखान्यात प्रुफं तपासण्यात तुमचं आयुष्य गेलेलं. तुम्ही मूळ कागद माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "मोठ्यानं वाच, मी छापलेलं बघतो." वर्षभर मी नुसती अक्षरं वाचली. मग एक दिवस एका पुस्तकाचं प्रूफ वाचताना माझा आवाज अडकला, तेव्हा तुम्ही भिंग खाली ठेवून म्हणालात, "आता तू वाचाय लागलीस." दुसऱ्या दिवशी वाचनालयाचं कार्ड आणून दिलंत. माझ्या माहेरी पुस्तक म्हणजे पंचांग. आज कपाटभर वाचून झालंय, पण मला पाहिजे असलेल्या चार ओळी त्यात कुठंच नाहीत.

फाईलीचा एक नियम होता. ती माझ्याकडे उघडी असताना तुम्ही तिकडं काही लिहून सेव्ह केलं, तर ते माझ्या पडद्यावर येत नसे. मी माझं जुनंच उघडं असलेलं सेव्ह केलं की तुमचं जायचं. जो शेवटी सेव्ह करील त्याचं राहायचं. एकदा मी तुमच्या दुरुस्त्यांची अख्खी यादी अशीच घालवली आणि गप्प बसले. गिऱ्हाइकाच्या पत्रिकेत आजोबांचं आडनाव चुकलं तेव्हा तुम्हाला कळलं. तुम्ही दारात येऊन ओरडलात, "दोन तास घातलं हुतं मी त्यात! पुसलं तर पुसलं, सांगायला काय हुतंय? झाकलेली चूक छापून येती, ध्यानात ठेव." त्या दिवशी तुम्ही लाल शाईनं एका कागदावर लिहून तो माझ्या पडद्याच्या कडेला चिकटवलात. बंद कर, परत उघड, मग लिही.

आता हुपरीचं. ते न लिहिता पुढं जाता येत नाही. त्या गावातल्या चांदीकाम करणाऱ्या एका घरच्या लग्नपत्रिका पोचवायच्या होत्या. हे म्हणाले, "उद्या जातो की, आज डोकं दुखतंय." मी म्हटलं, "उद्याचं उद्या दुसरं निघतंय. आजच देऊन या, माझ्यामागची कटकट जाऊ दे." तुम्ही खुर्चीत होता, हातात प्रूफ होतं. तुम्ही ऐकलंत, हे मला माहीत आहे, कारण तुम्ही मान वर केली होती. पत्रिका पोचल्या. परतीच्या वाटेवर गाडी ट्रकखाली गेली. नंतर चार वर्षं तुम्ही त्या वाक्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. माझ्या हातचं जेवलात, माझी प्रुफं तपासलीत, माझ्या माहेरच्यांसमोर माझं चांगलंच बोललात. पण मान वर केली होतीत.

आदल्या रात्री कॉम्प्युटर बंद करायचा राहिला होता, त्यामुळं त्या सकाळी फाईल आदल्या दिवसापासून माझ्याकडे उघडीच होती. मी पिठाच्या हातानं तिच्यात लिहिलं, 'मेथी, गूळ, तुमची गोळी संपत आली,' आणि सेव्ह केलं. लाल कागद डोळ्यांसमोर होता. थोड्या वेळानं तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी आलात. आत आला नाहीत, चौकट धरून उभे राहिलात. "निरोपात लिवलंय. त्या दिवसाचं. पहाटं उठून लिवलं, तोंडानं जमंना. वाच आणि पूस." आणि चप्पल घालून देवळाकडं गेलात. मी हात धुतले, फाईल बंद केली, परत उघडली. मेथी, गूळ, गोळी. वर काही नाही, खाली काही नाही.

दुपारी ताटावर तुम्ही विचारलंत, "वाचलंस?"

"व्हय, मामा."

"पुसलंस?"

"पुसलं."

"झालं तर मग. आता परत त्यो विषय न्हाय." आणि तुम्ही अजून अर्धी भाकरी मागितलीत. चार वर्षांत पहिल्यांदा मागितलीत. ती वाढताना वाटलं, आता खरं सांगितलं तर ही भाकरी तशीच ताटात राहील. अर्धं खरं हे आहे. उरलेलं अर्धं, की मला तुमच्या ओरडण्याची भीती वाटली. चाळिशीच्या बाईला.

माणूस असा मोकळा कशानं होतो? 'तुझा दोष नाही' लिहिल्यानं होतो आणि 'तूच घालवलंस त्याला' लिहिल्यानंही होतो. तुमचं वाक्य मी दोन्ही बाजूंनी हजारदा लिहून बघितलं आहे, तुमच्याच भाषेत, तुमच्या स्वल्पविरामांसकट. दोन्ही तितकीच खरी वाटतात.

तुम्ही गेल्यावर मी 'पुढं' रिक्षात घालून राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेला होता. दुकानदार म्हणाला, "मावशी, नुसतं डिलीट झालेलं कवा कवा मिळतंय. पण ह्याच फाईलीवर दुसरं लिहून सेव्ह केलंय, परत कितीदा तरी केलंय. खालचं गेलं." मग विचारलं, "एवढं काय हुतं त्यात?" मी म्हटलं, "बाजाराची यादी." तो हसला, मीही हसले.

आता 'पुढं' चालूच होत नाही. सकाळी नेटवर्क उघडलं की 'मागं' तेवढं दिसतं. हे पत्र मी त्यावरच लिहिते आहे आणि ते कुठं जायचं नाही. अकरा वर्षं झाली, आता ते वाक्य मला कुणी सांगेल अशी आशा मी धरत नाही. एकच सांगायचं राहिलं होतं, ते सांगते. मी वाचलं नव्हतं, मामा. आणि वेळ गेलेली नव्हती. त्यानंतर तुम्ही दोन महिने होता, रोज भिंतीपलीकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही हाक मारलीत, दिसतोय का गं. मी दिसतायसा म्हटलं, फाईल बंद केली, परत उघडली आणि लिहिलं, 'मामा, भाजी कुठली करू?'