तोरणापाशी न थांबलेली गाडी

मु. फुलसावंगी
पोळ्यानंतरचा तिसरा दिवस

चिरंजीव अंकुरराव जावईबापू यांस किसनरावांचे अनेक आशीर्वाद.

सौ. सुरभीला सातवा लागला, तिची तब्येत उत्तम असावी आणि लोणचं ती बेतानं खात असावी. इकडे मी खुशाल, सोयाबीन खुशाल. तुमच्या सासूबाई लीलाबाईही खुशाल आहेत, फक्त माझ्याशी बोलत नाहीत. फोनच केला असता, पण या घरात फोन स्पीकरवर ठेवून बोलायची पद्धत आहे आणि हा मजकूर स्पीकरचा नव्हे.

तर तुम्ही यवतमाळहून पाठवलेले समोरचे ब्रेक पॅड पोहोचले. जुने इतके झिजले होते की ब्रेक दाबला की गाडी किंचाळायची. लीलाबाईंनी जाहीरच केलं होतं की हिचं ओरडणं थांबेपर्यंत मी हिच्यात पाय ठेवणार नाही, लेकीच्या डोहाळजेवणाला कळंबला एसटीनं जाईन. आता गाडी येण्याआधी चौतीस वर्षं ही बाई एसटीनंच हिंडली. आठ वर्षांमागे बैलजोडी विकून गाडी घेतली, ती तिला शेजारी बसवून मिरवावं म्हणूनच. तेव्हा कळंबला न्यायची तर गाडीनंच, हा माझा हट्ट. मेकॅनिक परवेज भिंतीपलीकडेच राहतो, पण ज्यानं पंचवीस वर्षं पाण्याचं इंजिन स्वतः खोललं त्यानं चार बोल्टांसाठी हात जोडावे, हे मनाला पटेना. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला (दोनदा, दुसऱ्यांदा चष्मा लावून) आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी जॅक लावला.

नट निघेना, म्हणून पान्याला लोखंडी पाइप अडकवून त्यावर उभा राहिलो. नट निघाला आणि मी कोंबड्यांच्या डालीवर बसलो (कोंबड्या वाचल्या). पॅड धरून ठेवणारं कॅलिपर लोंबकळू द्यायचं नसतं, तर विकलेल्या खैऱ्या बैलाची वेसण अजून खुंटीला होती, तिनं बांधलं. त्यातला पिस्टन काही केल्या आत जाईना. परवेज तासभर भिंतीवरून बघत होता. शेवटी म्हणाला, "चाचा, ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा अन् हळूहळू दाबा. लाथा कायले मारून राह्यले?" त्यानंतर पॅड बसले, पेडल दहादा दाबून टणक झालं, अंगणात गाडी बोटभरही सरकेना. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

पोळ्याला गाडी धुतली, बैलांची झूल बॉनेटवर घातली आणि तासभर मनधरणी केल्यावर लीलाबाई पूजेची थाळी घेऊन शेजारी बसल्या. मारोतीच्या देवळापुढे तोरण बांधलेलं. ते देवसिंगभाऊंच्या मानाच्या जोडीनं तोडायचं, ही गावाची रीत, आणि मानाची जोडी अजून शिंगं रंगवून घेत होती. उतार संपता संपता मी ब्रेक दाबला. जावईबापू, पेडल टणक होतं, गाडी मात्र आपल्या वाटेनं निघाली. (किंचाळली नाही, एवढं यश पॅडांना द्यायला हवं.) तोरण बॉनेटवर घेऊन मी पलीकडच्या वैरणीच्या कुटाराच्या ढिगात थांबलो. देवसिंगभाऊ नारळ घेऊन गाडीपुढे उभे राहिले. तो फोडायचा की फेकायचा, हे त्यांचं ठरत नव्हतं. लीलाबाई उतरल्या, डोक्यावरचं कुटार झटकलं, "म्या एसटीनं जातो" म्हणाल्या आणि पायी घरी गेल्या. गावाला मी सांगितलं की पॅड बोगस निघाले.

बाकी सर्व ठीक. सुरभीच्या डोक्यावरून माझा हात फिरवावा.

आपला मामाजी,
किसनराव

ता. क. पॅड बोगस नव्हते. पोळ्याच्या आदल्या सांजेला घरोघरी बैलांची खांदशेकणी चालली होती. तूप-हळदीनं खांदे चोळायचे आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणायचं. आपला गोठा आठ वर्षं रिकामा. हातात वाटी घेऊन उभा राहिलो, पण गाडीचे खांदे कुठले समजावे? शेवटी चाकांच्या फटीतून हात घालून आतल्या ब्रेकच्या चकत्या तुपानं चोळल्या, दोन्ही बाजूंनी, मनापासून. आवतनही दिलं.

ता. ता. क. तरी सासूबाईंना फोन करून, पॅड खराब होते, चूक माझी, एवढं म्हणावं. जावयावर कुणी रागवत नाही. मग त्या गाडीत बसतील. पत्र परवेजच्या हाती पाठवतो, फक्त डिंक लीलाबाईंच्या डब्यात आहे, तो मागून घेतो.

जावईबापू, डिंक लावाले पत्र माह्यापाशीच आलं. फोन करू नका. चाकातली हळद मले पोळ्याच्या सकाळीच दिसली होती. हे कधी खरं सांगतात म्हणून तीन दिवस वाट पाहून राह्यलती. तुपाचे पॅड काढून नवे परवेजनं आजच बसवून देल्ले. खांद शेकता शेकता हे रडून राह्यले होते, ते यायनं पत्रात लिहिलं नाही. म्हणून बसली होती मी गाडीत. रविवारी गाडीनंच येतो. – लीलाबाई