वाट बघणारा हात

२ फेब्रुवारी, सोमवार

सरावासाठी आणलेलं, डोळे झाकणारं ते व्हीआरचं डबडं डोक्यावर चढवलं आणि वर्ग गेला! खुर्च्या, फळा, शेजारच्या मुलीचं खोकणं — सगळं गेलं. मी एका दातांच्या दवाखान्यात उभी. खिडकीतून दुपारचं ऊन येतंय, ते जागचं हलत नाही. खुर्चीत एक टकले काका तोंड उघडून पडलेले. आणि काकांच्या पलीकडे दोन हात. निळे हातमोजे, मनगटापर्यंत. त्यापुढे माणूसच नाही.

हे हात म्हणजे डॉक्टर. त्यांनी तळवा पुढे केला की हवं ते हत्यार त्यात ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने काकांची लाळ नळीने ओढत राहायची. मी आरसा द्यायच्या ऐवजी चिमटा दिला. हातांनी तो घेतला नाही. ओरडले नाहीत (कसे ओरडणार!). तळवा तसाच उघडा ठेवून थांबले. खऱ्या दवाखान्यात एव्हाना माझी खरडपट्टी निघाली असती.

डबडं काढलं तर चहाची वेळ झालेली. मला वाटलं होतं, पाच मिनिटं झाली असतील.

४ फेब्रुवारी, बुधवार

वहिनीला हातांबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "लग्न झालंय का त्यांचं?" दादा ताटात बघून हसला.

हसू देत. आई होती तोवर तिचं औषधपाणी करण्यात माझी वर्षं गेली. ती गेल्यावर घरात मला कामच उरलं नाही. चाळिशीत शिकाऊ डेंटल नर्स व्हायचं खूळही वहिनीनेच डोक्यात भरवलं. वर्गातल्या मुली मला मावशी म्हणतात.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज मॅडमनी तास घेतला. मॅडम म्हणजे आमच्या शिक्षिका, स्वतः दातांच्या डॉक्टर. सकाळी आम्हाला शिकवतात, दुपारी वरच्या मजल्यावर पेशंट बघतात. बोलणं मोजकं, नजर अशी की दाताआधी माणूसच हलावा. "हत्यार टाकू नका. द्या. समोरच्याने धरलंय हे कळेपर्यंत सोडू नका."

मग डबड्यात गेले आणि एक गोष्ट लक्षात आली. उजवा हात रिकामा वाट बघत असतो ना, तेव्हा बारीकसा थरथरतो. अंगठ्यापाशी. मी आरसा तळव्यात जरा दाबून दिला की थांबतो. काम करताना अगदी स्थिर.

मशीन कशाला थरथरेल? पलीकडे कोणीतरी माणूस आहे. दुसऱ्या गावी, असंच डबडं घालून बसलेला. घाबरट असेल थोडा. माझ्यासारखाच.

दिवसभर हसत होते. वहिनी म्हणाली, तब्येत बरी आहे ना?

११ फेब्रुवारी, बुधवार

स्वप्नातही तेच ऊन, तेच हात. काका नव्हते. बरं झालं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मशीनवाला आला होता, पोट सांभाळत वायरींवर वाकलेला. धीर करून विचारलं — पलीकडे कोण असतं?

"कोणी नाही हो. वर्षापूर्वी कुठल्याशा डॉक्टरांचे हात टिपून घेतलेत. तेच चालतात."

कोणत्या डॉक्टरांचे? त्याला माहीत नाही, तो तेव्हा नव्हता. आणि ती थरथर? "ती खोट आहे. मुलींच्या तक्रारी आल्यात. शुक्रवारी काढून टाकतो."

"राहू द्या ना," माझ्या तोंडून निघून गेलं. मी डासांची बाजू घ्यावी तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

म्हणजे पलीकडे कोणी नव्हतंच. मी आपली उगाच हवेत! वाईट वाटलं. खूप वाटलं. पण कुठेतरी ते हात कोणाचे तरी आहेतच ना.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वरच्या मजल्यावर पहिला दिवस. मॅडमच्या हाताखाली, खऱ्या पेशंटसमोर. एक बाई, दाढ किडलेली, दोन्ही मुठी घट्ट. तिच्याहून मी जास्त घाबरलेली.

मॅडमनी न बघता उजवा तळवा पुढे केला. निळा हातमोजा. अंगठ्यापाशी बारीक थरथर.

सवयीने आरसा दाबून दिला. थरथर थांबली. मॅडम कामाला लागल्या.

ज्या हातांवर मी पंधरा दिवस जीव टाकला ते हे! आधी हसूच आलं. नळीचा फुर्र आवाज होता म्हणून लपलं. मग मामा आठवले. मामांचं असंच सुरू झालं होतं, मांडीवर नुसता ठेवलेला हात हलायचा. सगळे म्हणायचे, थकवा. दोन वर्षांनी त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमना सांगावं का? मला पास करायचं की नाही ते त्याच ठरवणार. वहिनी म्हणते, "आधी निकाल लागू दे, मग बोल काय ते."

पण आज आरशाचं काम होतं. उद्या ड्रिल हातात असताना हललं तर? पेशंटचं काय? मॅडमचं काय? आणि शुक्रवारी मशीनवाला ती थरथर, वर्षापूर्वीचा तो एकच पुरावा, पुसून टाकणार. मग मी सांगून कोण ऐकणार?

अन्न गोड लागत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तास संपल्यावर थांबले. मुली गेल्या. मॅडम फळा पुसत होत्या.

"मॅडम, तुमचा हात —"

"कोणता?"

"उजवा. रिकामा असतो तेव्हा हलतो."

"कॉफी जास्त होते माझी."

"डबड्यातला पण हलतो. वर्षापूर्वीचा."

त्यांनी खडू खाली ठेवला. डबडं चढवलं आणि माझ्या जागेवर उभ्या राहिल्या. भिंतीवरच्या पडद्यावर मला दिसत होतं त्यांना काय दिसतंय ते. तेच ऊन, तेच काका. आणि पलीकडे त्यांचे स्वतःचे हात. आयुष्यभर मॅडम त्या बाजूला बसल्या. या बाजूने त्यांनी ते हात कधी पाहिलेच नव्हते.

तळवा पुढे आला. मॅडमनी आरसा उचलला, पण दिला नाही. हात वाट बघत राहिला, थरथरत राहिला. मॅडम नुसत्या बघत होत्या. मला वाटलं, आता डबडं काढतील. काढेनात. खूप वेळाने त्यांनी आरसा त्या तळव्यात ठेवला आणि सावकाश दाबला.

डबडं काढलं तेव्हा केस कपाळाला चिकटले होते. "किती जणींनी बघितलंय हे?"

"सगळ्यांनी. त्यांना मशीनची खोट वाटली."

"आणि तुला?"

"मला पलीकडे माणूस आहे असं वाटलं."

खरं होतं तेच सांगितलं. मॅडम दिवा बंद करून निघून गेल्या. मी अंधारात पिशवी शोधत बसले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

खोट काढली. हात आता दगडासारखे. मुली खूश. मी डबड्याच्या आत रडले. बाहेर कोणाला दिसलं नाही.

वर मॅडम आल्याच नाहीत. पेशंट परत पाठवले. हे माझ्यामुळे. संपलं माझं इथलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी जिन्यात गाठलं. पेशंट बघणं थांबवलंय. उद्या नसांच्या डॉक्टरांकडे जायचंय. "सोबत घरचं कोणीतरी आणा म्हणालेत. तू येशील? ही तुमची कोण लागते असं विचारलं, तर काय सांगू?"

किती वाजता निघायचं, एवढंच विचारलं.