आबांच्या फोटोची शाई

मुंद्रा, २ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
प्रीतमचा सा. न.

आबांच्या फोटोचा रंग ओघळला आणि झालं, परत खापर माझ्याच डोक्यावर! शाई तू पाठवलेलीस, आता आईला तूच तोंड दे, असा मेसेज टाकून फोन बंद करतेस. अगं, घरच्या प्रिंटरला कागद कोणी घेतला? शंभर पानांचा स्वस्तातला चकचकीत पुडा बघून तूच भुललीस ना? तेव्हाच म्हणालेलो, जाड घे. फोनवर बोलू देत नाहीस म्हणून लिहितोय. पत्र मध्येच कट करता येत नाही.

आणि आईने काचेशिवाय फोटोला ओलं गंध लावायचंच कशाला? फ्रेमवाला दोन दिवसांत देणार होता ना? शाई कंपनीचीच आहे, शंभरदा सांगितलं. खालीपिली माझ्यावर बिल फाडू नको.

माझं बरं चाललंय. पोर्टाच्या यार्डात कंटेनरचे नंबर वाचून डोळे गेलेत. आईचं कळव. राग सोडू नको हवं तर, पण उत्तर दे.

तुझा,
प्रीतम

शहाड, ७ फेब्रुवारी

चि. प्रीतम यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आठवीत शाळा सोडलीस, मग ही वकिली कुठे शिकलास रे? दर अमावास्येला आई आजी-आजोबांच्या फोटोंना गंध लावते. आबांनाच कशी वगळेल? नुसतं बोट टेकलं आणि कपाळाचा रंग डोळ्यांवरून हनुवटीपर्यंत ओघळला. तिने फोटो भिंतीकडे वळवून ठेवलाय.

तेव्हापासून एकच धरून बसलीय. आबा गेले तेव्हा मुलगा तिसऱ्या दिवशी पोचला, म्हणून ह्यांनी तोंड फिरवलं. शाईमुळे झालं म्हटलं तर विचारते, बाकीच्यांची का नाही उतरली? एकवीस तारखेच्या वर्षश्राद्धाला येऊ नका, असं गुरुजींना सांगून आली. ज्यांना आपण नको, त्यांना पान कशाला वाढायचं, म्हणते. स्वतःही धड जेवत नाही.

सोबत तीन पट्ट्या आहेत. आबांच्या चौकडीच्या शर्टाचा तुकडा छापलाय, चेहरा छापायचा धीर झाला नाही. पहिलीवर तुझी शाई, माझा कागद. दुसरी आणि तिसरी कोपरीच्या हेमाकडे छापल्या, ती घरीच फोटो छापून देते. दुसरीवर तिची कंपनीची शाई, कागद माझा. तिसरीवर दोन्ही तिचं. ओलं बोट फिरव आणि काय दिसतं ते खरं लिही. चूक माझ्या कागदाची असेल तर मी आईचे पाय धरीन.

फोटो परत छापता येईल रे. तिच्या मनात बसलंय ते कसं काढू?

तुझी,
विनिताताई

मुंद्रा, ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

पट्ट्या मिळाल्या. दुसरीवर चौकडी थोडी पसरली, म्हणजे तुझा कागदही काही साव नाही. तिसरीवर तीनदा बोट घासलं, रेघ हलली नाही. पहिलीवर अख्खा शर्ट माझ्या बोटाला आला. बराच वेळ हात धुवावासा वाटला नाही.

ताई, शाई कंपनीची नव्हती. पोर्टावर ओरिजिनल माल मिळतो, अशी फुशारकी मीच मारलेली. बाजारात सुट्या शाईच्या चार बाटल्या आठशेला मिळाल्या. तू पाठवलेल्या बावीसशेतले उरलेले बुटांत गेले. वाटलं, फोटो भिंतीवर टांगायचाय, त्याला पाणी कोण लावणार?

हे आईला वाचून दाखव. मधलं काही गाळू नको, बुटांचंही नाही. आबांनी तोंड फिरवलं नाही म्हणावं, तुझा मुलगा खोटं बोलला. गुरुजींना आजच परत सांगून ये. नवा फोटो हेमाच्याच शाईने, हेमाच्याच कागदावर छाप, एक दिवस वाळू दे, मग काच लाव. आपल्या प्रिंटरच्या टाकीतली शाई फेकून दे.

सुपरवायझरकडे रजा मागितलीय. नाही म्हणाला तरी निघतो. एकोणीसला सकाळी घरी असेन. या वेळी दोन दिवस आधी. सहाण धुऊन ठेव, गंध मी उगाळणार आहे.

शिव्या देऊन झाल्या की थोडी माया माझ्यासाठी उरू दे.

तुझा,
प्रीतम

ता. क. शाईचे बावीसशे आणि चांगल्या कागदाचे साडेचारशे तुझ्या खात्यात टाकलेत. एकूण दोन हजार सहाशे पन्नास रुपये.