हेल्मेटवर रंगवलेला शब्द

प्रिय ताई, पाया पडतो.

लिहितो लिहितो म्हणत तीन आठवडे टाळलं, रागावू नकोस. जेवण वेळेवर होतं. बाळाला दात आले का?

इथे बांधकामावर हेल्मेटवर टोपणनाव रंगवतात. मला क्रेनवाला आवडतो, म्हणून पेंटरने माझ्या हेल्मेटवर 'छक्का' रंगवलं. त्याच हेल्मेटने मी त्याचे दोन दात पाडले. मला फक्त तीन टाके पडले.

मुकादम समजुतीने म्हणाला, "बरं, मग 'गे' लिहायचं का?" त्यालाही हाणावंसं वाटलं. शिवी असो की शहाणा शब्द, माझ्या कपाळावर दुसऱ्याने का रंगवायचा?

बाबांना या दोन्हींतला एकही शब्द सांगू नकोस. मला तो क्रेनवाला आवडतो, एवढंच सांग.

थांब, माझ्या खोलीच्या दारात बाबाच उभे आहेत! मुकादमाने फोनवर सगळं सांगितलं म्हणे. बाह्या सरसावून विचारतायत, "तो पेंटर राहतो कुठे?"

तुझा,
धाकटा