मीटरला न दिसणारं पाणी

४ तारीख, सोमवार
कारखान्यातला पाणी मोजायचा जुना फिरकीचा मीटर काढला. त्या जागी माझ्या पसंतीचा विद्युतचुंबकीय फ्लोमीटर. आत फिरणारं, झिजणारं काही नाही. बाहेर चुंबकाची कॉइल, पाइपमध्ये समोरासमोर दोन इलेक्ट्रोड. वीज वाहून नेणारं पाणी त्यांच्यामधून पळालं की बारीकसं व्होल्टेज तयार होतं. पाणी जेवढं जोरात, व्होल्टेज तेवढं जास्त. जेवताना हे सासऱ्यांना समजावलं. कारखाना त्यांचाच. म्हणाले, शनिवारपर्यंत चालला नाही तर माझं खातं मेहुण्याकडे. मी घाबरलेलो नाही. भूक तशीही नव्हती.

५, मंगळवार
पंप सुरू, बाटल्या भरताहेत, आकडा शून्य. नवीन आहे, बुजला असेल.

६, बुधवार, दुपारी
माहितीपुस्तक शेवटी उघडलं. पाण्यातून वीज वाहायलाच हवी म्हणे. आमचा माल बॅटरीत घालायचं पाणी. त्यातले क्षार काढणं हाच धंदा. म्हणजे पाणी जितकं चोख, तितका हा मीटर आंधळा. हात गार पडले. पंख्यामुळे. बायकोला विचारलं, तुझे बाबा मला काढून टाकतील का. म्हणाली, छे, पण जन्मभर रोज जेवताना विषय काढतील.

७, गुरुवार
उपाय सापडला. कँटीनमधून मीठ आणलं. एवढ्या टाकीत मूठभर म्हणजे दर्यात खसखस. काही होईना. आणखी काही मुठी. आकडा टुणकन उठला.

८, शुक्रवार
सासऱ्यांनी आकडा पाहून पाठ थोपटली. मग हात रुमालाला पुसला. शर्ट जरा ओला होता. लॅबच्या बाई रजेवर. देव आहे.

९, शनिवार
बाई आल्या. नमुना तपासला. पुन्हा तपासला. मी हवामानाबद्दल बोललो. त्या म्हणाल्या, "ट्रक भरायला लागलाय. या पाण्याने लोकांच्या बॅटऱ्या मरतील. टाकीत काय टाकलंत, तेवढं सांगा."
खुर्ची जवळच होती म्हणून बसलो. बसल्यावर तोंडातून "मीठ" निघून गेलं. सासरे दारातच होते.

११, सोमवार
माल ओतून दिला. फिरकीवाला मीटर परत बसला. माझा सांडपाण्याच्या पाइपवर गेला. तिथे पहिल्या क्षणापासून अचूक. सासरे म्हणाले, "त्याला घाणीतच दिसतं. तुम्हीही तिथेच बसा, जावईबापू."
स्वतंत्र खातं. स्वतंत्र खुर्ची. बहुधा बढती असावी. बायकोला अजून विचारलेलं नाही.