दोन सूत फट

दि. २ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खांदा कसा आहे? ऑपरेशननंतर हात गळ्यात बांधून घरात बसायचं तर तू तो बांधून वर्कशॉपमध्ये जाऊन बसतोस, असं वहिनीने कळवलंय. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही (पस्तीस वर्षं ग्राइंडरशेजारी काढल्यावर दुसरं काय होणार) आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय.

आमच्या फिरत्या वाचनालयावर संकट आलंय. आमचा ट्रक जुना, पण चारही चाकांना जोर असलेला. नदीचं पात्र ओलांडून डोंगरावरच्या पाच वस्त्यांपर्यंत जाणारं दुसरं वाहन आमच्या कार्यालयाकडे नाही. पुस्तकांच्या पेट्यांनी तो आतून गच्च भरतो. तंबू, घडीची टेबलं आणि बाकं आजवर मागून दुसऱ्या कार्यालयाची तशीच एक गाडी आणायची. ती गाडी आता त्यांनी काढून घेतली. साहेब म्हणाले, सगळं सामान एकाच ट्रकमधून जाणार नसेल तर वरच्या वस्त्या बंद. तिथल्यांनी खाली येऊन वाचावं. तिथून खाली यायला अर्धा दिवस मोडतो, हे त्यांना सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी एवढंच कबूल झाले की अठ्ठावीस तारखेला ते स्वतः बरोबर येतील. सगळं घेऊन वर गेलो आणि धडपणे खाली आलो तर मार्ग राहील, नाहीतर गेला.

आत जागा नाही, म्हणजे टपावर. तयार कॅरियर या ट्रकला बसत नाही आणि बॉडीवाल्यांनी मे महिन्यातली तारीख दिली. तेव्हा कॅरियर मीच बनवणार आहे. शेजारच्या गॅरेजच्या मिस्त्रींनी संध्याकाळी त्यांचं अंगण आणि वेल्डिंगचं मशीन वापरायला दिलंय. तू आधी हसून घे, मग पाणी पी, मग कसं करायचं ते लिही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, त्यात या महिन्यात काटकसर नको.

तुझी,
खार

दि. ५ मार्च

चि. खारीस,
अ. उ. आ.

हसलो. पाणी प्यालो. परत हसलो, तेव्हा तुझ्या वहिनीने डोळे वटारले. पुस्तकांच्या पाठी शिवणारी माझी बहीण आता लोखंड जोडणार. साहेबांना सांग, पाच वस्त्या राहू देत, आधी आमच्या घराकडे बघा.

बरं, ऐक. एक इंची चौकोनी नळी घे. जाडजूड अँगल घ्यायचा मोह होईल, तो आवर; टपावर जितकं लोखंड जास्त तितका ट्रक वळणावर डुलणार. चौकट जमिनीवर मांड आणि चारी कोपऱ्यांना आधी नुसते टाके मार. मग दोन्ही कर्ण मोज. सारखे आले तरच शिवण भर, आणि तीही एका दमात नाही. थोडी इकडे, थोडी तिकडे. एकाच बाजूला तापवत बसलीस तर चौकट रुसल्यासारखी वाकडी होते.

टपाच्या कडेने पावसाच्या पाण्याची पन्हळ असेल. तिचा काठ चांगला जाड असतो, त्याच्यावरच सगळा भार घ्यायचा. एका बाजूला चार असे आठ पाय कर, प्रत्येकाला खाली आकडा. आकडा आणि पन्हळीचा काठ यांच्यात दोन सूत फट ठेव, म्हणजे रबराची पट्टी बरोबर बसेल आणि पत्रा घासणार नाही. डोळ्यांवर काच न लावता वेल्डिंगकडे बघितलंस तर येऊन कान पिळीन.

आणि एक सांगून ठेवतो. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. हे तुझं काम नव्हेच.

तब्येत सांभाळ, बोटं त्याहून जास्त सांभाळ. माया जशी आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादा

दि. १४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलंय, 'हे तुझं काम नव्हेच' तिथपासून खालचं तेवढं घडी घालून झाकलंय. मिस्त्री येता-जाता वाचतात आणि मान डोलावतात.

पहिल्या दिवशी वेल्डिंगचा रॉड लोखंडाला चिकटला आणि मी तो खेचत बसले. दुसऱ्या दिवशी नळीला भोक पाडलं. तिसऱ्या दिवशी एक शिवण आली, तिला मिस्त्रींनी गांडूळ म्हटलं. मग त्यांनीच तिच्यावर हातोडी मारून बघितली. गांडूळ सुटलं नाही. आधी ते मला बाई म्हणायचे, तेव्हापासून बाईसाहेब म्हणायला लागलेत. दादा, टाका तोच आणि शिवणही तीच की रे! पुस्तक शिवतानाही आधी नुसतं धरून ठेवायचं असतं आणि सगळं सरळ आहे हे बघून मग भरायचं. आपले धंदे इतके सख्खे आहेत हे तू कधी बोलला नाहीस.

चौकट तयार आहे. दोन्ही कर्णांत केसाचाही फरक नाही, मी तीनदा मोजले. आठही पाय जोडून टाकले. फट तू सांगितलीस तशी बरोबर दोन सूत. उद्या चढवणार. तू म्हणशील तशी माझी थट्टा कर, मी आज कोणाचंच ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
खार

ता. क. दि. १५ मार्च : पत्र टाकायचं राहिलं होतं ते बरंच झालं. कॅरियर चढवलं आणि ते बसलं नाही. सहा जणांनी उचलून धरलं, पण एकही आकडा पन्हळीवर जाईना. रबर लांबच, कागदसुद्धा शिरणार नाही. मी तुझ्या मापात काडीचा बदल केलेला नाही. पुस्तकं शिवायचं सूत घेतलं, त्याचे दोन पदर शेजारी-शेजारी धरले आणि नेमकी तेवढी फट आठही ठिकाणी ठेवली. मग चुकलं कुठे? साहेब खिडकीतून बघत होते. घड्याळाकडे बघून आत गेले. तेरा दिवस उरलेत. मला रडू आलं, हे वहिनीला सांगू नकोस.

दि. १८ मार्च

चि. खारीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून इतका हसलो की खांद्यात कळ आली, आणि मग हसू एकदम मावळलं. चूक माझी आहे. आमच्या धंद्यात सूत म्हणजे दोरा नव्हे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच. तुझे दोन पदर म्हणजे काहीच नव्हे.

पस्तीस वर्षं हा शब्द माझ्या तोंडात आहे. ज्याला सांगितला त्याला तो ठाऊकच असायचा, समजावून सांगायची वेळ कधी आली नाही. तू लहानपणी वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहायचीस आणि मी तुला हाकलायचो. ठिणग्या उडतात, तुझं इथे काय काम, म्हणायचो. तेव्हा बसू दिलं असतं तर सूत तुला तेव्हाच कळलं असतं. याचं मला फार वाईट वाटतंय.

आता डोळे पूस. चौकटीला हात लावू नकोस, ती उत्तम झाली असणार. फक्त पाय कापून टाक आणि नवे कर. या वेळी एकच पाय आधी टपावर बसवून बघ, मग त्याच्यावरून बाकीचे सात. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. मी येतोच तिकडे. एका हाताने वेल्डिंग होत नसलं तरी तोंडाने करता येतं.

रागावली असलीस तर राग अर्धाच ठेव, अर्ध्या जागेत मी राहतो.

तुझा,
दादा

ता. क. : हे कुठेही येत नाहीयेत. डॉक्टरांनी महिनाअखेरपर्यंत प्रवास बंद सांगितलाय. आणि तू रडलीस ते मला कळलं, कारण यांनी वाचायचा चष्मा हरवलाय आणि पत्रं मीच वाचून दाखवते. रडून झालं असेल तर कापायला घे. — वहिनी

दि. २४ मार्च

ती. दादास आणि चोरून पत्रं वाचणाऱ्या वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

आठ कापले, आठ नवे केले. पहिला पाय पन्हळीवर ठेवला, रबर सरकवलं आणि बोल्ट आवळला. तो असा बसला की मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. काल सगळं कॅरियर चढवलं. मग वाळूची पोती ठेवून आमच्या ड्रायव्हरकाकांनी ट्रक खडीच्या रस्त्यावर नेला. त्यांना सगळे घाईकाका म्हणतात, कारण त्यांनी जन्मात घाई केलेली नाही. परत येऊन म्हणाले की काही हललं नाही, पण कॅरियर शीळ घालतं. नळ्यांची तोंडं उघडी राहिली होती. ती पत्र्याने बंद केली.

सगळं छान आहे आणि तरी माझं डोकं फिरलंय. साहेबांनी येऊन कॅरियर बघितलं आणि विचारलं की हे कोणत्या मिस्त्रीकडून केलं. मी केलं, म्हटलं. ते हसले. म्हणाले, ते ठीक, पण नेमकं कोणी? मिस्त्रींनी सांगितलं, मशीन माझं, काम बाईसाहेबांचं. त्यावर साहेब म्हणाले की यांचे बंधू फॅब्रिकेशनमध्ये आहेत ना, मग तेच, उगाच लपवता कशाला. दादा, मला तुझा अभिमान आहे, पण त्या क्षणी तू हलवाई असतास तर बरं झालं असतं.

परवा नाही, तेरवा अठ्ठावीस... छे, मोजतानाही चुकतेय. चार दिवस उरलेत. लक्ष माझ्याकडे असू दे.

तुझी,
खार

दि. २९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलो! आधी हे वाच, मग बाकीचं.

काल सकाळी पेट्या आत, तंबू, चार टेबलं आणि सहा बाकं टपावर. साहेब घाईकाकांच्या आणि माझ्या मध्ये बसले, मांडीवर फाइल. नदीच्या पात्रात दगड चाकांखाली फिरत होते आणि साहेबांची फाइल खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही, कारण दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली होती. मग चढ. वर पोचेपर्यंत मी टपाकडे कान लावून होते. एक दोरी करकरली, बाकी हूं की चूं नाही.

वरच्या वस्तीत माणसं वाटेवर येऊन उभी होती. बाकं उतरवायला वीस हात पुढे आले. तंबू उभा राहिला आणि तासाभरात तीन पेट्या रिकाम्या. एका आजोबांनी साहेबांना बाकावर सरकून बसायला सांगितलं, कारण त्यांच्या सावलीने अक्षर दिसत नव्हतं. साहेब सरकले.

निघायच्या आधी ते शिडीवरून स्वतः टपावर चढले. कॅरियरला दोन्ही हातांनी धरून जोर लावला. अख्खा ट्रक हलला, कॅरियर नाही. खाली उतरून त्यांनी फाइल उघडली आणि मला विचारलं की पाय आठच का. मी सांगितलं, भार कसा वाटला जातो तेही, रबर कशासाठी तेही, आणि फट दोन सूत का तेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे तुम्हीच केलंय." आणि फाइलीत माझं नाव लिहिलं. मार्ग चालू राहणार, शिवाय पलीकडच्या खिंडीतल्या दोन वस्त्या त्यात घातल्या. पाचाच्या सात झाल्या, दादा!

एकच राहिलं. तू असायला हवा होतास. सगळे आनंदात होते आणि मी तेवढी तुझा चेहरा शोधत होते.

माया वाढली असेल तर कळव, नसली तर वाढव.

तुझी,
खार

दि. २ एप्रिल

चि. खारीस,
अ. उ. आ.

शाबास. पुढचं वाचून चिडू नकोस.

मी होतो. अठ्ठावीसला आम्ही पहिल्या बसने निघालो. वहिनीने डॉक्टरांचं म्हणणं गुंडाळून ठेवलं आणि माझा हात उशीवर धरून बसली. नदीच्या अलीकडे पंक्चरवाल्याचं दुकान आहे, तिथून पात्र आणि वरची तीन वळणं दिसतात. दुकानात बाकावर बसलो होतो.

तू लिहिलं नाहीस ते मी बघितलं. तिसऱ्या वळणावर मागचं चाक अधांतरी झालं आणि ट्रक थांबला. तू उतरलीस. साहेब तुझ्या खिडकीशी सरकून हात हलवून चला चला करत होते. तू तळहात दाखवून त्यांना थांबवलंस, वर चढलीस आणि आठही पायांचे बोल्ट एकेक करून हाताने बघितलेस. कोणी कितीही घाई केली तरी आठवा बघितल्याशिवाय उतरली नाहीस. हे मी तुला शिकवलेलं नाही. हे शिकवून येतही नाही.

मी उठलो होतो. वहिनीने विचारलं, जायचं का पुढे. दहा पावलं गेलो असेन. मग तुझं ते हलवाईवालं पत्र आठवलं. मी तिथे पोचलो असतो तर पहिल्यांदा बोल्टला हात लावला असता, आणि साहेबांनी सगळे प्रश्न मला विचारले असते. तू शेजारी उभी राहिली असतीस. म्हणून परत येऊन बसलो. जन्मात मला इतकं जड काही गेलं नाही.

परतताना ट्रक आमच्या पुढून गेला. तू हसत होतीस. पंक्चरवाला म्हणाला, कॅरियर फर्मास आहे, कोणी केलंय कोण जाणे. मी म्हटलं, "माझ्या बहिणीने." मग तो माझ्याकडे बघतच राहिला, कारण माझे डोळे भरून आले होते.

खांदा बरा झाला की मी येतो. शिकवायला नाही, तुझं काम जवळून बघायला. दारात उभा राहीन, हाकलू नकोस.

तुझा,
दादा