त्या सिनेमातल्या कारकुनाबद्दल

नाशिक, ४ ऑक्टोबर १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वहिनीने पाठवलेले खजूर दोन्ही पोचले. खजूर बाबांनी डॉक्टरांना न विचारता निम्मे संपवले. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन नोव्हेंबरच्या मध्यावर ठरलंय. पण हट्ट एकच, श्याम आल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही. आता पुढे ढकलणं धोक्याचं आहे, असं डॉक्टरांनी बजावलंय. तेव्हा रजा घेच.

परवा केबलवर एक इंग्रजी सिनेमा पाहिला आणि डोकंच फिरलं. एका साध्या कारकुनाच्या बायकोला गुंड ओलीस ठेवतात आणि सांगतात, दीड तासात अमुक न्यायाधीशाला गोळी घाल, नाहीतर बायको गेली. सिनेमाही दीडच तासाचा. पडद्यावरचं घड्याळ आणि आपलं भिंतीवरचं बरोबरीने चालतात! आणि हा बावळट नुसता घाम पुसत हिंडतो. मी तर ओरडलेच, अरे, समोर एवढी माणसं आहेत, एकाला तरी सांग! शेजारच्या सत्यभामाकाकूंना त्याची दया आली. बाबांना मुळीच नाही. आपल्या माणसासाठी परक्याचा बळी देणारा भ्याडच, असं म्हणून ते उठून गेले. तुम्ही पाहिलात तर मत कळवा.

लोभ आहे तसा राहू दे आणि तिकीट काढ.

तुझी,
अंतरा


दोहा, १६ ऑक्टोबर १९९८

चि. अंतरास,
अनेक आशीर्वाद.

इथला मित्र विजय रजेवर तिकडे निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. फोनवर मी काहीतरी भलतंच बोलून बसलो असतो.

तो सिनेमा आम्हीही पाहिला. गेल्या शुक्रवारी इथे फरीज बिन ओमरान वस्तीत आमच्याकडे मराठी मंडळी जमली होती, कुणीतरी कॅसेट आणली. सगळ्यांची मतं तुझ्यासारखीच. हातात चिवड्याच्या बश्या आणि जो तो शूर! मी मध्येच टीव्ही बंद केला. तुझा भाचा मिहीर इंग्रजीत काय झालं, काय झालं विचारत राहिला, आणि पाहुण्यांसमोर शोभा केली म्हणून तुझी नयनावहिनी चिडली.

आता ऐक. आमच्या साइटवर परांची कोसळून एक मजूर मेला. आमचा फोरमन मच्छिंद्र, संगमनेरचा, त्याने आदल्याच आठवड्यात मॅनेजरला सांगितलं होतं की क्लॅम्प गंजलेत, काम थांबवा. मॅनेजरने यल्ला यल्ला, चल चल करत त्याला हाकलून लावलं. तिथे तिसरा फक्त मी होतो. आता कंपनीचं म्हणणं, पोलीस चौकशीत मी, सेफ्टी इंजिनियरने, सांगायचं की मच्छिंद्र काही बोललाच नाही, चूक त्याचीच. म्हणजे तो तुरुंगात.

तसं सांगितलं तर आमचा कफील, ज्याच्या नावावर माझा व्हिसा आहे तो मालक, माझ्या एक्झिट परमिटवर सही करेल. त्या सहीशिवाय इथून विमानात पाऊल ठेवता येत नाही. नाही सांगितलं तर इन्शाल्ला, पुढच्या वर्षी बघू. बाबांचं ऑपरेशन कधी आहे हे त्यांना ठाऊक आहे, रजेच्या अर्जात मीच मूर्खासारखं लिहिलं.

बोल बाई, मी कुणाला ओरडून सांगू?

बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. रागावलो असलो तरी माया कमी नाही.

तुझा दादा,
श्याम


नाशिक, २३ ऑक्टोबर १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दिवाळी झाली म्हणायची. घरात कुणी कुणाशी बोलत नाही.

तुझं पत्र बाबांपासून लपवता आलं नाही. माझा चेहरा बघून त्यांनी हात पुढे केला आणि मी ते देऊन टाकलं. वाटलं, म्हणतील, पोरा, खरं बोल. तर शांतपणे म्हणाले, त्यांना हवं ते सांगून टाक म्हणावं आणि ये. तो मच्छिंद्र आपला कोण लागतो? मी विचारलं, मग तो कारकून भ्याड कसा? तर म्हणे, तो सिनेमा होता. मी इतकी भांडले की सत्यभामाकाकू धावत आल्या. तेव्हापासून मी ताट वाढते, पण बोलत नाही.

खरं सांगू? काल जिना चढताना त्यांना दम लागला, ते मध्येच बसले, आणि मलाही वाटून गेलं की दादाने काहीही करून यावं. त्या क्षणी माझा मलाच संताप आला. तू काय करावंस हे मी सांगणार नाही. आधीची सगळी मतं परत घेते.

माझ्यावर राग धरू नकोस, एवढा लोभ असू दे.

तुझी,
अंतरा


दोहा, ५ नोव्हेंबर १९९८

चि. अंतरास,
अनेक आशीर्वाद.

चौकशीत मी जे ऐकलं होतं ते सांगितलं. मॅनेजर समोरच बसला होता. शूरपणा वगैरे काही नाही, त्याच्याकडे न बघता बोललो. पण मच्छिंद्र तुझा कोण लागतो, हे मॅनेजरनेही मला याच शब्दांत विचारलं होतं. बाबांचं वाक्य तुझ्या पत्रात वाचलं आणि मला भयंकर राग आला. तो अजून उतरलेला नाही.

मच्छिंद्रला पोलिसांनी सोडलं. माझं परमिट खलास. नोकरीही जाईल बहुतेक, फक्त घरी कधी जाऊ देतील ते त्यांच्या मर्जीवर. नयना म्हणते बरं केलंस, आणि स्वयंपाकघरात भांडी आपटते.

ऑपरेशनच्या कागदांवर आता तू सही कर. श्यामला येता येत होतं, तो आला नाही, असंच बाबांना सांग. ते खवळतील, माझं नाव टाकतील, म्हणजे माझी वाट बघणंही सोडतील. समजूत घालत बसू नकोस, तेवढा वेळ नाही. खवळलेलेच जाऊ देत, पण टेबलावर जाऊ देत.

तुझा लोभ आहेच. त्यांचा, ते बरे झाले की, मी भांडून परत घेईन.

तुझा दादा,
श्याम